काचेमागचा कातळ

आंबोलीत महादेव मंदिरापाशी हिरण्यकेशी उगम पावते आणि आजरा, गडहिंग्लजकडे, म्हणजे कोल्हापूर जिल्ह्यात उतरते. उगमाच्या पाण्यातल्या एका चिमुकल्या माशाला २०२० मध्ये शास्त्रीय नाव मिळालं, शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ ठरली. हा मासा तळाशी, दगडांच्या आधारानं राहतो.

घरच्या टाकीतल्या माशांनाही असा आडोसा हवा. म्हणून काचेमागे चिकटवलेल्या चित्रापेक्षा टाकीच्या आत बसवलेली, उठावाची पाठभिंत कितीतरी मोलाची. थर्माकोल कातळासारखा कोरायचा, त्यावर सिमेंटचे पातळ थर द्यायचे. रंग आपल्या सह्याद्रीच्या काळ्या दगडाचाच शोभतो.

कसोटी लागते ती धीराची. सिमेंटमधला चुना पाण्यात उतरतो, पाणी अल्कधर्मी होतं. ते स्थिरावेपर्यंत, आठवडे गेले तरी, पाणी बदलत राहावं लागतं. थर्माकोल तरंगतो, म्हणून ही भिंत आधी कोरड्या काचेला सिलिकॉननं पक्की बसवायची. आणि कडा नीट बुजवायच्या. एवढीशी फट राहिली, तरी लहान मासा मागे शिरतो आणि त्याला परतीची वाट सापडत नाही.

हिरण्यकेशीचा मासा मात्र हिरण्यकेशीतच राहू द्यावा.