उसना आवाज

जपानमध्ये एक गायिका आहे. २००७ साली तिचे वय सोळा होते आणि आजही ते सोळाच आहे. तिचा घसा बसत नाही, तिला रियाज करावा लागत नाही, आणि श्वासासाठी तिला कोठे थांबावे लागत नाही. तिचे नाव हात्सुने मिकू. पहिला, नाद आणि भविष्य अशा अर्थाच्या तीन शब्दांतून ते घडविले आहे. साप्पोरो येथील क्रिप्टन फ्यूचर मीडिया या कंपनीने ३१ ऑगस्ट २००७ रोजी तिला विक्रीस आणले. ‘विक्रीस आणले’ हे शब्द वाचकांना खटकतील; परंतु मिकू ही व्यक्ती नसून संगणकात बसविण्याची एक आज्ञावली आहे. शब्द आणि स्वर भरून द्यावेत, म्हणजे ती गाते.

माझ्या भाच्याने तिचे गाणे मला प्रथम ऐकविले तेव्हा अर्ध्यातच मी ते थांबवायला सांगितले. “अरे, पण हे गातेय कोण?” मी विचारले. “मामा, ते कशाला हवंय? गाणं कसं वाटलं ते सांगा ना,” तो म्हणाला. ज्या गाण्यामागे कोणाचा ऊर भरून येत नाही ते गाणे म्हणजे लबाडी, असे मी त्याला सुनावले. पुढे त्याने निवडून दिलेली काही गाणी मी शांतपणे ऐकली, आणि ते वाक्य मला निम्मे परत घ्यावे लागले. निम्मेच.

मुळात हा आवाज येतो कोठून? यामाहा कंपनीने बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाच्या साहाय्याने ‘व्होकॅलॉइड’ नावाचे तंत्र विकसित केले. त्यात जिवंत माणसाच्या मुखातून निघालेले ध्वनींचे लहान लहान तुकडे साठवून ठेवतात आणि हव्या त्या स्वरात एकमेकांना जोडतात. मिकूसाठी हे तुकडे फुजिता साकी या अभिनेत्रीने दिले. तिने गाणी गायिली नाहीत. ज्यांना काही अर्थ नाही अशी अक्षरे तिने वेगवेगळ्या पट्टीत उच्चारली. तिने पीठ दिले. भाकरी कोणी थापावी हे तिच्या हाती राहिले नाही. पण आपण पीठ देत आहोत हे तिला ठाऊक होते. ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते, आणि तिच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

ज्यांना ही गाणी ऐकावयाची असतील त्यांनी र्यो या संगीतकाराच्या ‘मेल्ट’पासून आरंभ करावा. २००७ च्या डिसेंबरातले हे गाणे एका साध्या मुलीच्या पहिल्या प्रेमाचे आहे. त्यानंतर तोराबोरुता या टोपणनावाने लिहिणाऱ्याचे ‘कोकोरो’, म्हणजे हृदय. हे २००८ चे. गाते ती मिकूची धाकटी सहकारी, कागामिने रिन. एक शास्त्रज्ञ यंत्रकन्या घडवितो. तिच्यात सर्व काही आहे, हृदय तेवढे नाही. ते तिला देण्याच्या खटपटीत त्याचे आयुष्य सरते. तो गेल्यावर कित्येक शतकांनी ते हृदय एकदाचे तिच्यात चालू होते, आणि आपल्यासाठी कोणी काय केले हे तिला उमगते. ही कथा यंत्राच्याच तोंडून ऐकताना मी अस्वस्थ झालो. कॉस्मो या संगीतकाराने तर मिकूलाच पुसून टाकले जात असल्याची कल्पना करून तिचा निरोप लिहिला. त्याची गती माणसाच्या जिभेला झेपणार नाही अशी. आणि गंमत पाहा, जपानच्या तरुणांनी तेही पाठ करून गायिले! यंत्राने माणसांची तोंडे बंद केली नाहीत; ज्यांनी कधी तोंड उघडले नसते अशांनाही ती उघडायला लावली.

वोवाका याचे २०१० मधले ‘रोलिंग गर्ल’ मात्र मला सर्वांत जवळचे वाटते. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या आणि स्वतःला पुन्हा लोटून देणाऱ्या एका मुलीचे ते गाणे आहे. पुढे त्याने स्वतःचा वाद्यवृंद काढला व स्वतः गाऊ लागला. २०१९ च्या एप्रिलात, एकतिसाव्या वर्षी, तो अचानक वारला. आता ते गाणे ऐकताना मिकूच्या पत्र्यासारख्या सुरामागे कोणाचा ऊर भरून येत होता हे विचारावे लागत नाही. ऊर होता, तो लिहिणाऱ्याचा होता. जपानी श्रोते ही गाणी त्यांच्या रचनाकारांच्या नावांनीच ओळखतात, कोणाचेही श्रेय झाकले जात नाही. आपण तरी चित्रपटात लता मंगेशकरांच्या आवाजावर किती नायिकांचे ओठ हलताना पाहिले! त्याला कोणी लबाडी म्हटले नाही. पाश्चात्त्य चर्चमधील ऑर्गनलाही ‘व्हॉक्स ह्युमाना’, म्हणजे मानवी आवाज, या नावाची एक पट्टी असते.

इथवर भाच्याची बाजू मला मान्य आहे. परंतु हेच तंत्र पुढे निराळ्या वाटेला गेले. मिसोरा हिबारी ही जपानची लाडकी गायिका १९८९ साली निवर्तली. तीस वर्षांनी, २०१९ मध्ये, एनएचकेने यामाहाच्या साहाय्याने तिच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून तिचा आवाज पुन्हा घडविला आणि तिच्याकडून एक नवे गाणे गाऊन घेतले. वर्षाच्या अखेरच्या रात्री सगळ्या देशाने ते ऐकले. त्यात मध्येच ती श्रोत्यांशी बोलते, फार दिवसांनी भेटतो आहोत अशा अर्थाचे काही म्हणते. अनेकांच्या डोळ्यांत पाणी आले. गायक यामाशिता तात्सुरो यांनी मात्र नभोवाणीवर याला विटंबना म्हटले.

मला वाटते, दोन्ही खरे होते. गाणे मी एक वेळ सहन करीन. ते बोलणे मला सहन होत नाही. फुजिताने आपला आवाज उसना दिला. तो कशासाठी दिला हे ती जाणत होती. हिबारीने आपली गाणी दिली होती, आवाज दिला नव्हता. तिच्या दत्तक पुत्राची संमती होती, हे मान्य. पण घर आणि शेत वारशाने येते, तसे आईचे बोलणेही येते काय? जे वाक्य ती कधी बोलली नाही ते तिच्या तोंडी घालण्याचा अधिकार कोणत्या सहीने मिळतो?

हा प्रश्न माझ्यापुरता दूर जपानातला राहिलेला नाही. माझ्या आईचे लग्नाचे एक गाणे जुन्या ध्वनिफितीवर आहे. तिसऱ्या कडव्याच्या मध्यात फीत संपते. उरलेली कडवी आमच्यापैकी कोणालाच येत नव्हती. अलीकडे एका वृद्ध नातेवाईक बाईंकडून ती मिळाली. मागच्या महिन्यात भाचा म्हणाला, “मामा, शब्द आहेत, आजीचा आवाज आहे. पुरं करून देऊ का?”

मी अजून त्याला उत्तर दिलेले नाही. फीत कपाटात आहे. रविवारी दुपारी कधी लावली, तर आई तिसऱ्या कडव्यापर्यंत येते, मागे कोणीतरी खोकते, आणि खट असा आवाज होऊन यंत्र थांबते.