चापूला कुणी विकलं?

परांड्याच्या किल्ल्यात पोचलं, की मुलं आधी तोफांकडे धावतात. गेल्या रविवारी सोलापूरहून बार्शीमार्गे गेलो, तेव्हा नातवानेही तेच केलं. त्याला मुलूखमैदानची गोष्ट सांगितली: १५४९ साली नगरला ओतलेली ही तोफ परांड्याला होती आणि १६३२ मध्ये विजापूरला गेली.

मग मलिक अंबरचा विषय निघाला. १६०० साली मोगलांनी नगर घेतलं, तेव्हा त्याने निजामशाहीचा वारस परांड्यातच गादीवर बसवला. १६२४ मध्ये भातवडीला मोगल आणि आदिलशाही फौजांना हरवलं, पुढे आपलं सोलापूरही घेतलं. "गुलामाचा वजीर झाला बघ," मी अभिमानाने म्हणालो.

"आजोबा, त्याला विकलं कुणी?"

मला उत्तर देता येईना. ॲबिसिनियात जन्मलेल्या या अंबरचं मूळ नाव चापू. लहानपणीच विकला गेला, हातोहात फिरला. बगदादच्या मीर कासिमने त्याला अंबर हे नाव दिलं. दख्खनमध्ये त्याला विकत घेणारा निजामशाहीचा पेशवा चंगेजखान, तोही एकेकाळी हबशी गुलामच. पुढे खुद्द अंबरनेही हबशी गुलाम विकत घेतले, हेही नातवापासून लपवू नये असं मला वाटतं. त्याच बाजारातून आलेली बाकीची माणसं पागेत, जनानखान्यात, कुणाच्या दारात राबून मेली. तोफेचा प्रवास आपल्याला सालवार पाठ आहे, त्यांची नावंसुद्धा ठाऊक नाहीत.

आपल्याकडची गुलामगिरी अमेरिकेसारखी नव्हती, असं आपण लगेच म्हणतो. फरक होता, मोठा होता. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबली गेली, आणि तिथल्या मळ्यांवर त्यांची लेकरंही जन्मतःच मालकाची ठरत. पण आईपासून तुटलेल्या चापूला या फरकाचा काय उपयोग? घानातल्या केप कोस्ट किल्ल्यात पाहुण्यांना खाली, माणसं कोंडायच्या अंधाऱ्या कोठड्यांत नेतात. आपण मुलांना बुरुजावर चढवतो आणि खाली आणतो.

सोलापूर-बार्शीच्या शाळांच्या सहली परांड्याला जातात. गुरुजी, बाई, मुलं तोफेपाशी थांबली की त्यांना चापू हे नाव सांगा. विकला गेला तेव्हा तोही लहान मुलगाच होता, तेही सांगा.