अवयव, अवयवी आणि परदेशातला पॉवर सप्लाय

एखाद्या वस्तूचा एक अवयव काढून त्या जागी दुसरा बसवला, तर ती वस्तू पहिलीच राहते की नवी उत्पन्न होते, या प्रश्नाची चर्चा भारतीय दर्शनांनी रथ, वस्त्र आणि दीपज्योत या दृष्टान्तांच्या आधारे केली. पुण्याहून जपानला नेलेल्या डेस्कटॉप संगणकाचा पॉवर सप्लाय तिथे बदलावा लागणे हा त्याच प्रश्नाचा आजचा, आणि काही बाबतींत अधिक अडचणीचा, दृष्टान्त होय. पॉवर सप्लाय म्हणजे भिंतीतल्या सॉकेटमधून येणारी वीज संगणकाला सोसेल अशा रूपात आणून देणारी, कॅबिनेटमध्ये स्क्रूंनी बसवलेली पेटी. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात.

भारतात घरगुती वीज २३० व्होल्ट दाबाने येते आणि तिची आवर्तने सेकंदाला ५० असतात. जपानमध्ये दाब १०० व्होल्ट असून आवर्तने साधारणपणे फुजी नदीच्या पूर्वेला ५० तर पश्चिमेला ६० आहेत, कारण एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस टोकियोने जर्मन जनित्रे घेतली आणि ओसाकाने अमेरिकन. केवळ २०० ते २४० व्होल्टांसाठी बनवलेली पेटी अशा ठिकाणी निरुपयोगी ठरते. जुन्या पेट्यांवर ११५ आणि २३० यांतून निवड करण्याचे लाल बटण असे. आजच्या चांगल्या पेट्या १०० ते २४० व्होल्टांमधील कोणताही दाब स्वीकारतात, दिशा बदलणारा प्रवाह एकाच दिशेचा करून त्याचा दाब आधी ४०० व्होल्टांच्या आसपास चढवतात, आणि मग सेकंदाला हजारो वेळा तो तोडून-जोडून, छोट्या रोहित्रातून १२, ५ आणि ३.३ व्होल्टांवर उतरवतात. मदरबोर्डापर्यंत पोहोचलेल्या विजेत देशाची खूण उरत नाही. इंटेलने १९९५ साली आखलेल्या एटीएक्स मानकाने पेटीची मापे, स्क्रूंच्या जागा आणि जोडण्या ठरवून दिल्यामुळे ओसाकात घेतलेली पेटी पुण्याच्या कॅबिनेटमध्ये बसते. जे उत्पादक स्वतःच्या वेगळ्या जोडण्या वापरतात त्यांच्या यंत्रांत मात्र ती बसत नाही. अनेक व्यक्तींत राहणाऱ्या समान धर्माला न्यायदर्शन ‘सामान्य’ म्हणते, आणि ही अदलाबदल त्या समानतेवरच उभी आहे, जरी काटेकोर नैयायिक मानवनिर्मित मानकाला जाती, म्हणजे खरे सामान्य, न म्हणता उपाधी, म्हणजे केवळ कल्पिलेला समान धर्म, म्हणेल.

न्याय-वैशेषिक मतानुसार अवयवी, म्हणजे अवयवांपासून उत्पन्न होणारी संपूर्ण वस्तू, अवयवांहून भिन्न आणि खरी असते. म्हणूनच वस्त्रातला एक तंतू काढला की जुने वस्त्र नष्ट होते आणि उरलेल्या तंतूंचे नवे ‘खंडपट’ उत्पन्न होते. हा नियम लावला तर पेटी बदलताच जुना संगणक संपला, आणि ‘हाच तो’ ही मालकाची ओळख केवळ साजात्यावर, म्हणजे एकाच प्रकारच्या असण्यावर, टिकली. बौद्धांना हा अवयवीच मान्य नाही: मिलिंद राजाला भिक्षू नागसेनाने रथाच्या दृष्टान्ताने दाखवले की चाके, आस, दांडी यांच्या जुळणीला दिलेले ‘रथ’ हे केवळ व्यवहाराचे नाव आहे. नैयायिकांनी मनुष्याच्या बाबतीत ही अडचण आत्म्याच्या साहाय्याने सोडवली: शरीर वाढते, बदलते, म्हणजे त्यांच्या मते नवे होते, पण बालपणी पाहिलेले वृद्धपणी आठवते, त्यामुळे स्मृतीचा आश्रय शरीराहून वेगळा असला पाहिजे. संगणकाने या युक्तिवादाला गाठले आहे ते इथे, कारण त्याची स्मृती एका अवयवातच, हार्डडिस्कमध्ये, राहते आणि दुसऱ्या यंत्रात हलवताही येते. शरीराहून वेगळा आत्मा न मानणाऱ्या चार्वाकाला असे उदाहरण मिळते तर त्याने ते सोडले नसते.

छांदोग्य आणि बृहदारण्यक या दोन्ही उपनिषदांत इंद्रियांचा कलह वर्णिलेला आहे. वाणी, दृष्टी, श्रवण, मन एकेक वर्ष शरीर सोडून जातात आणि शरीर मुके, आंधळे, बहिरे होऊनही जगते. प्राण निघू लागताच मात्र सारीच इंद्रिये उखडली जातात, आणि प्राण श्रेष्ठ ठरतो. संगणकात हा मान निःसंशय पॉवर सप्लायचा, कारण पडदा किंवा ध्वनी नसतानाही यंत्र चालू राहते, पेटीविना नाही. तरीही यंत्राची ओळख तिच्यात मुळीच नसते. विंडोजचा परवाना मुख्यतः मदरबोर्डाला ओळखतो, मालक हार्डडिस्कवरल्या आपल्या मजकुराला, आणि पेटी बदलल्याची दखल दोघांपैकी कोणी घेत नाही. जे सर्वांत अपरिहार्य तेच सर्वांत बदलण्याजोगे असू शकते, आणि म्हणून अपरिहार्यता हे स्वरूपाचे प्रमाण ठरत नाही.

परदेशवासाचा जुना धार्मिक वाद अपरिहार्यता आणि स्वरूप यांच्यातल्या या भेदाने तपासण्यासारखा आहे. कलिवर्ज्यांच्या, म्हणजे कलियुगात निषिद्ध मानलेल्या आचारांच्या, यादीत समुद्रप्रवास केलेल्या द्विजाचा स्वीकार येतो, आणि एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रात या निषेधाबरोबर परक्या हातच्या अन्नपाण्याने धर्म जातो ही धारणाही प्रबळ होती. वैद्यक शिकण्यासाठी अमेरिकेला निघालेल्या आनंदीबाई जोशी यांनी १८८३ साली श्रीरामपूर (बंगाल) येथील भाषणात, अमेरिकेला हिंदू म्हणूनच जाऊ आणि हिंदू म्हणूनच परतून राहू, असे जाहीर केले. आक्षेप घेणाऱ्यांना हे साहस वाटले, पण तर्काच्या कसोटीवर भूमिका आनंदीबाईंचीच टिकते. अन्नावाचून देह राहत नाही एवढ्यावरून माणसाचे स्वत्व अन्नाच्या उगमात असते असे सिद्ध होत नाही, आणि निषेध करणाऱ्यांनी देह टिकण्याचा प्रश्न व ओळख टिकण्याचा प्रश्न एकच मानले, हा त्यांच्या युक्तिवादातला मूळ दोष होता.