वैद्यापुढे जाण्यापूर्वी

ज्या सद्गृहस्थास येत्या सोमवारी रक्त तपासून घ्यावयाचे असते, त्याच्या घरी आदले चार दिवस पथ्याचा मोठा उत्कर्ष होतो. चहातील साखर नाहीशी होते, लोणच्याची बरणी फडताळात वर जाते, आणि एरवी जिना पाहूनच दमणारा हा मनुष्य पहाटे टेकडी चढताना आढळतो. चार दिवस का होईना तो नीट वागला, यात वाईट ते काय, असे कोणी विचारील. वागण्यात वाईट काही नाही. पण वैद्यास तो परीक्षक समजतो. परीक्षकापुढे आपली उजळ बाजू मांडण्याचा उमेदवारास हक्क आहे. वैद्यापुढे तेच केले, तर चुकीच्या औषधाचे फळ कोणास भोगावे लागते?

रसायनशास्त्राने या लबाडीवर एक तोड काढली आहे. रक्तातील तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, आणि तेवढ्या काळात त्यांतील हिमोग्लोबिनास साखर चिकटत राहते. ती मोजली म्हणजे मागील दोन-तीन महिन्यांचा हिशेब बाहेर येतो. चार दिवसांच्या व्रताची तेथे फारशी मातब्बरी नाही.

मग तयारी करूच नये काय? अवश्य करावी. उपाशीपोटी साखर पाहावयाची असता निदान ८ तास पाण्यावाचून काही घेऊ नये. रक्तदाब मोजण्यापूर्वी अर्धा तास चहा-तंबाखू वर्ज्य करावी व ५ मिनिटे पाठ टेकून निवांत बसावे, हे नियम खरा आकडा मिळावा म्हणून आहेत. घेत असलेली सर्व औषधे, शेजाऱ्याने दिलेल्या चूर्णासकट, बरोबर न्यावी. हे चूर्णच बहुधा घरी राहते!

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त रोग्याच्या परीक्षेची तीन साधने सांगितली आहेत: दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न. पहिली दोन वैद्याच्या स्वाधीन आहेत. तिसऱ्याचे यश रोग्याच्या जिभेवर अवलंबून आहे, आणि आमच्या कुटुंबांत ती जीभ मोकळी नसते. रोगी एकटा जात नाही. बरोबर पत्नी, मुलगा, कधी जावईही असतो. दारू, तंबाखू, पैशाच्या काळजीने उडालेली झोप, या गोष्टी ज्यांच्यापासून वर्षानुवर्षे लपविल्या, त्यांच्याच देखत त्या कशा उच्चाराव्यात? येथे मनुष्य खोटे बोलतो ते वैद्यास फसविण्यासाठी नव्हे, घरातील आपली प्रतिष्ठा राखण्यासाठी. त्याला नुसते भित्रा म्हणून सोडून देणे आम्हांस अन्यायाचे वाटते. ती प्रतिष्ठा त्याने कष्टाने मिळविलेली असते, आणि तिच्यावर सबंध घर उभे आहे असा त्याचा समज असतो.

म्हणून तयारीचा अर्धा भार आप्तांवर पडतो. बरोबर जावे, टांगा म्हणा, रिक्षा म्हणा, आणावी, कागद सांभाळावेत, आणि मग काही वेळ बाहेरच्या बाकावर बसावे. प्रेमाच्या माणसास हे बाहेर बसणे फार जड जाते, हे आम्ही जाणून आहों. स्त्रियांच्या बाबतीत तर याची गरज अधिक. त्यांच्या वतीने नवराच उत्तरे देतो, भूक कशी लागते हेदेखील तोच सांगतो, आणि ती मान हलविते. आपली खरी तक्रार ती निघताना दाराशी थबकून, हळू आवाजात सांगू लागते. तोवर आत पुढच्या रोग्याचे नाव पुकारलेले असते.