पूल होईपर्यंत

रेल्वे स्थानकावरच्या कामाचे दोनच दिवस बातमीत येतात, भूमिपूजनाचा आणि लोकार्पणाचा. मधल्या काळात पत्रे ठोकले जातात, अर्धा जिना बंद होतो, सरकत्या जिन्यापुढे साखळी लागते आणि लोक जमेल तिथून, जमेल तसे गाडी गाठत राहतात. पूर्ण झालेला पूल कसा दिसेल याचे रंगीत चित्र फलकावर असते. त्यात झाडे असतात, ऊन नसते आणि एकाही माणसाच्या डोक्यावर ओझे नसते. काम चालू असताना तोच माणूस कुठून जाईल, याचे चित्र मात्र काढायची पद्धत नाही.

२९ सप्टेंबर २०१७ ची सकाळ मुंबईला विसरता येणार नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानकाचा अरुंद जिना, एकामागून एक आलेल्या गाड्या, अचानक कोसळलेली सर आणि भिजायला नको म्हणून जिन्यातच थबकलेले लोक. मागून येणाऱ्यांना पुढचे थांबले आहेत हे दिसत नव्हते. चेंगराचेंगरीत २३ जणांचा जीव गेला. दसरा दुसऱ्या दिवशी होता.

या स्थानकासाठी बारा मीटर रुंदीचा नवा पूल त्याआधीच मंजूर झालेला होता. खासदारांनी पत्रे लिहिली होती, मंत्रालयाकडून उत्तरे आली होती, निविदेचे काम चालू होते. म्हणजे कोणी हातावर हात ठेवून बसले होते असे म्हणता येत नाही. फाइल तिच्या चालीने चालत होती. पण नवा पूल हवा हे सरकारने एकदा मान्य केले, की जुना पूल अपुरा आहे याची कबुलीही त्यातच आली. त्या क्षणापासून दोन कामे सुरू व्हायला हवीत: एक नवा पूल बांधण्याचे, दुसरे तोवर जुन्या पुलावरची माणसे सांभाळण्याचे. पहिल्यासाठी अंदाजपत्रक लागते. दुसऱ्यासाठी गर्दीच्या तासांत चार-सहा जवान, चढण्या-उतरण्याच्या वेगळ्या बाजू, पायऱ्यांवरचे विक्रेते हलवणे आणि पाऊस आला तर पुढच्या गाडीतल्या लोकांना फलाटावरच थांबवणारी एक उद्घोषणा पुरते. पण पहिल्या कामासाठी अभियंता नेमलेला असतो. दुसऱ्यासाठी कोणाचे नाव घ्यायचे?

जिना अपुरा पडला तो एका रात्रीत नव्हे. परळ-लोअर परळचा हा पट्टा गिरण्यांचा. स्थानके आणि पूल त्या काळातले, पाळीच्या भोंग्यावर येणाऱ्या-जाणाऱ्या कामगारांच्या बेताचे. १९८२ च्या संपानंतर गिरण्या एकेक करून थंडावल्या. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने गिरण्यांच्या जमिनीची वाटणी ठरवली: साधारण एक हिस्सा मोकळ्या जागेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ च्या दुरुस्तीने सार्वजनिक वाटे आटले, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती वैध ठरवली. तिन्ही हिश्शांवर शहरात खूप भांडण झाले, व्हायलाच हवे होते. पण या जमिनींवर उभ्या राहणाऱ्या मनोऱ्यांत रोज कामाला येणारे लोक कोणत्या जिन्याने उतरतील, यासाठी चौथा वाटा कोणी मागितला नाही. बांधकामाची परवानगी महापालिकेची, त्यापोटीचे शुल्क महापालिकेला आणि गर्दी रेल्वेला. त्यातही फलाट दोन रेल्वेंचे, इकडे पश्चिम आणि पलीकडे परळला मध्य.

दुर्घटनेनंतर लष्कराला पाचारण करण्यात आले. ३१ ऑक्टोबर २०१७ ला घोषणा झाली आणि २७ फेब्रुवारी २०१८ ला लष्कराचा पूल लोकांसाठी खुला झाला. सोबत करी रोड आणि आंबिवली इथलेही पूल झाले. चार महिन्यांच्या आत! त्यावर दोन प्रतिक्रिया उमटल्या. काहींनी लष्कराला सलाम ठोकला, काहींनी विचारले की पादचारी पूल बांधायलाही सैनिक लागत असतील तर बाकीची खाती कशासाठी आहेत. दोन्हींत तथ्य आहे, पण मूळ गोष्ट तिसरीच. लोखंड तेच होते आणि रूळही तेच. ओव्हरहेड वायरचा वीजपुरवठा बंद करून ब्लॉक घ्यायचा, त्या मोजक्या तासांत गर्डर चढवायचा, ही कसरत लष्करालाही चुकली नाही. बदलले ते एवढेच की प्रत्येक टेबलावर ही फाइल सगळ्यात वर ठेवली गेली. तशी ती २८ सप्टेंबरलाही ठेवता आली असती.

रेल्वे आणि महापालिका यांच्यातल्या हद्दीचा प्रश्न आणखी कडवट रूपात १४ मार्च २०१९ च्या संध्याकाळी समोर आला. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसहून डी. एन. रोड ओलांडून नेणाऱ्या हिमालय पुलाची फरशी वर्दळीच्या वेळी खाली आली. सात जण गेले. त्यांत जी. टी. रुग्णालयात रात्रपाळीला निघालेल्या परिचारिका होत्या. ढिगारा उपसला जात असतानाच पूल रेल्वेचा की महापालिकेचा यावर खल सुरू झाला. पूल महापालिकेचा निघाला. काही महिन्यांपूर्वीच्या संरचनात्मक तपासणीत तो किरकोळ दुरुस्ती सुचवून वापरण्याजोगा ठरला होता. पुलावरून जाणाऱ्याला आपण कोणत्या पायरीवर रेल्वेची हद्द सोडली आणि कोणत्या पायरीवर पालिकेची धरली, हे कधी कळत नाही. कळायचे कारणही नाही. ती रेघ फक्त जबाबदारी झटकताना ठळक दिसते.

नवा हिमालय पूल खुला झाला मार्च २०२३ अखेर. एका रस्त्यावरचा पादचारी पूल, आणि चार वर्षे. मधली महासाथ जमेस धरली तरी हिशेब जड जातो. पंचविशीतल्या माणसाला चार वर्षे म्हणजे थोडी गैरसोय. तो धावत रस्ता ओलांडतो, सिग्नलची पर्वाही करत नाही. पण गुडघे दुखणाऱ्या सत्तरीतल्या बाईंना चार वर्षे म्हणजे बाहेर पडण्याजोग्या उरलेल्या दिवसांचा मोठा तुकडा. गरोदर बाईला तर उद्‌वाहक सहा महिन्यांनी सुरू होईल या आश्वासनाचा काडीचा उपयोग नाही. प्रकल्पाच्या वेळापत्रकात सगळ्यांचा महिना सारखाच मोजतात.

बांधून झाले की सुटलो, ही दुसरी चूक. तिचे भले मोठे उदाहरण म्हणजे मुंबई महानगरातले स्कायवॉक. पहिला वांद्रे पूर्वेला २००८ मध्ये झाला, मग पाठोपाठ आणखी बरेच. कल्पना वाईट नव्हती. स्थानकातून उतरलेल्या माणसाला रिक्षा, फेरीवाले, उघडी गटारे यांच्या वरून थेट पुढे न्यायचे. पण ज्याला खालच्या बाजारातून कोथिंबिरीची जुडी घेऊन शेअर रिक्षा पकडायची आहे, त्याने दोन मजले चढून पुन्हा का उतरावे? बऱ्याच ठिकाणी सरकते जिने नव्हते. अंधार पडल्यावर वर चिटपाखरू नसे, त्यामुळे बायका ते टाळू लागल्या. खाली लोकांची रेटारेटी आणि वर रिकामा पत्रा, हे चित्र अनेक उपनगरांनी वर्षानुवर्षे पाहिले. मजा अशी की वांद्र्याचा स्कायवॉक मात्र लोक खरेच वापरत होते, आणि नेमका तोच २०१९ मध्ये धोकादायक म्हणून बंद झाला आणि पुढे पाडला गेला. तो पुन्हा बांधून मिळावा म्हणून नागरिकांना उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागली.

अंधेरीच्या गोखले पुलाने तर नियोजनाची शोभा करून टाकली. नव्या पुलाची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये उघडली, तेव्हा शेजारचा बर्फीवाला उड्डाणपूल तिच्याशी जुळेना. दोघांच्या उंचीत माणूस उभा राहील एवढे अंतर. रुळांवरच्या पुलाची उंची रेल्वेच्या नव्या निकषाप्रमाणे वाढली होती, शेजारच्या पुलाची उंची होती तिथेच. समाजमाध्यमांवर हसून झाल्यावर अभियंत्यांनी जॅक लावून तो उड्डाणपूल उचलला आणि जुलैत जोड सांधला. उचलता येत होता तर आधी का नाही, असा बाळबोध प्रश्न तेव्हा अनेकांना पडला. बाळबोध असला तरी त्याचे उत्तर मिळालेले नाही.

मधला काळ सांभाळता येतच नाही असेही नाही. ३० मे २०२४ च्या मध्यरात्रीपासून ठाण्याला ६३ तासांचा महाब्लॉक झाला. पाच आणि सहा क्रमांकाचा फलाट रुंद करायचा होता. नेहमीप्रमाणे रविवारी-रविवारी तुकडे न पाडता सलग काम घेतले, आधीच ओतून ठेवलेले काँक्रीटचे ठोकळे आणून बसवले. शेकडो लोकल रद्द झाल्या, पण लोकांना ते आधीपासून ठाऊक होते. जादा बस सोडल्या, कार्यालयांना घरून काम देण्याची विनंती केली. ज्यांना घरून काम करता येत नाही, म्हणजे घरकाम करणाऱ्या बायका, रखवालदार, रुग्णालयाचे कर्मचारी, त्यांचे हाल झालेच. तरीही काम चालू असताना माणसे कुठे जातील, याचा विचार कामाइतकाच गांभीर्याने झाल्याचे ते विरळे उदाहरण.

तेवढा विचार बंद पडलेल्या उद्‌वाहकाच्या वाट्याला येत नाही. दारावर 'गैरसोयीबद्दल क्षमस्व' असा कागद चिकटवलेला असतो; त्यावर दुरुस्तीची तारीख नसते, शेजारचा चालू उद्‌वाहक कोणत्या फलाटावर आहे हेही नसते. चाकाच्या खुर्चीतला माणूस पुलापलीकडून येऊन हा कागद वाचतो आणि आल्या वाटेने परततो. पिवळ्या खुणेच्या लाद्या, ज्यांच्या आधारे अंध प्रवासी चालतो, त्या कामाच्या पत्र्यापाशी येऊन थेट पत्र्यावर आदळतात. दिव्यांग हक्क कायदा २०१६ चा. कामे चालू असताना तो स्थगित राहील असे त्यात कुठेही लिहिलेले नाही.

एल्फिन्स्टन रोडचे नाव २०१८ मध्ये प्रभादेवी झाले. तिथला शंभरी ओलांडलेला रस्त्याचा पूल सप्टेंबर २०२५ मध्ये बंद करण्यात आला. त्या जागी शिवडी-वरळी जोडरस्त्यासाठी दुमजली पूल व्हायचा आहे. पश्चिम रेल्वेने येऊन टाटा किंवा केईएम रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णांना आता रूळ ओलांडायला पादचारी पुलांच्या पायऱ्या आहेत किंवा टॅक्सीचा वळसा. पायऱ्या कोणाला झेपतात आणि वळशाचे भाडे कोणाला परवडते, हे नव्या पुलाच्या कंत्राटात कुठे येत नाही. उशीर झाला तर ठेकेदाराला दंडाची तरतूद अशा कंत्राटांत असते. तो दंड जमा होतो सरकारी तिजोरीत.