देहातील आपपरभाव

आपला कोण आणि परका कोण, हा प्रश्न समाजात वावरतानाच पडतो अशी आपली समजूत असते. वस्तुतः तो आपल्या देहात अहोरात्र सोडवला जात असतो. श्वासातून, अन्नातून, बोटाला पडलेल्या ओरखड्यातून असंख्य परके जीव आत शिरू पाहतात आणि रक्तातील पांढऱ्या पेशी त्यांना ओळखून त्यांचा समाचार घेतात. या व्यवस्थेला आपण रोगप्रतिकारशक्ती म्हणतो आणि ती बळकट असावी अशी इच्छा धरतो. परंतु हीच शक्ती जेव्हा सांध्यांच्या अस्तराला, त्वचेतील रंगपेशींना अथवा स्वादुपिंडातील इन्सुलिन निर्माण करणाऱ्या पेशींना शत्रू समजून त्यांच्यावर तुटून पडते, तेव्हा काय म्हणावे? येथे बाहेरून कोणीही चालून आलेले नसते. राखणदारानेच घरच्यांवर हात उगारलेला असतो. मग दोष कोणाचा? हा प्रश्न आम्हाला केवळ वैद्यकाचा वाटत नाही. तो नीतीचाही आहे. कारण आपण रुग्णाशी कसे वागतो, हे त्याच्या उत्तरावर अवलंबून असते.

असे काही घडू शकते, हे मान्य करणे शास्त्रज्ञांनाही जड गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी पाउल एरलिख या थोर जर्मन संशोधकाने देहाला स्वतःवर विषप्रयोग करण्याची जणू धास्तीच असते, असा विचार मांडला. त्यावरून पुढे अनेकांनी अशी समजूत करून घेतली, की देह स्वतःवर उलटणे शक्यच नाही. रक्तातील तांबड्या पेशींवर स्वतःचाच देह हल्ला करतो, हे १९०४ सालीच डोनाथ व लँडश्टाइनर यांनी दाखवले होते. तरीही ही समजूत कित्येक दशके टिकली. १९५६ मध्ये नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांवरील प्रयोगांतून थायरॉइड ग्रंथीबाबत तीच गोष्ट सिद्ध केल्यानंतर मात्र चित्र पालटू लागले. आज अशा रोगांची यादी मोठी आहे. ज्याला डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात तो आमवात, लहान मुलांत बहुधा आढळणारा टाइप १ मधुमेह, हाशिमोटोचा थायरॉइड विकार, ल्यूपस, सोरायसिस आणि आपल्याकडे ज्याच्या नुसत्या नावाने घर हादरते ते कोड, हे सारे याच कुळातले.

देह आपले-परके शिकतो कोठे? छातीच्या हाडामागे थायमस नावाची एक ग्रंथी आहे. टी-पेशी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पांढऱ्या पेशींचे शिक्षण तेथे होते. ज्या पेशी स्वकीयांवरच धावून जातील असे दिसते, त्यांतील बहुतेक तेथेच नष्ट केल्या जातात. परंतु ही परीक्षा परिपूर्ण नाही. काही पेशी निसटतात आणि त्या निरोगी माणसाच्या रक्तातही फिरत असतात. मग आपण सारेच आजारी का पडत नाही? याचे उत्तर जपानचे शिमोन साकागुची यांनी १९९५ मध्ये शोधले. हल्लेखोर पेशींना आवर घालणाऱ्या निराळ्या पेशी देहात असतात, असे त्यांनी दाखवले. अमेरिकेतील मेरी ब्रंकॉ आणि फ्रेड रॅम्सडेल यांनी या पेशींच्या घडणीसाठी लागणारे जनुक उजेडात आणले. २०२५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक या तिघांना मिळाले. तात्पर्य, स्वकीयांवर उलटण्याची शक्यता प्रत्येक देहात आहे. निरोगी माणूस हा अधिक निर्दोष माणूस नव्हे; त्याच्यातील आवर अद्याप टिकून आहे, एवढाच काय तो भेद.

हे रोग दूरदेशीचे अथवा श्रीमंतांचे आहेत असे कोणी समजू नये. पुणे-सोलापूर महामार्गावर भिगवण नावाचे गाव आहे. १९९६ साली पुण्याचे संधिवाततज्ज्ञ डॉ. अरविंद चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी, जागतिक आरोग्य संघटनेचा सहभाग असलेल्या एका उपक्रमात, तेथे घरोघर जाऊन पाहणी केली. ४,०९२ प्रौढांपैकी ७४६ जणांना सांधे, स्नायू वा पाठीचे दुखणे होते. त्यांतील बहुतेकांचे दुखणे श्रमाचे अथवा वयाचे होते. परंतु आमवाताचे रुग्णही हजारी सुमारे पाच या प्रमाणात आढळले. शेतात राबणाऱ्या गावाची ही कथा आहे.

त्याच महामार्गाने पुढे सोलापूरकडे आले की चिंचोळीची औद्योगिक वसाहत लागते. रसायने आणि औषधांचे कच्चे घटक बनवणारे कारखाने तेथे आहेत. तेथील एखादा ऑपरेटर डोळ्यांपुढे आणावा. पहिल्या पाळीसाठी तो पहाटे उठतो, तो दोन्ही हातांची बोटे मिटत नाहीत. शर्टाची बटणे पत्नीला लावून द्यावी लागतात. दहा-अकरापर्यंत हात हळूहळू सैल होतात. त्यामुळे दुपारी त्याला पाहणाऱ्या सुपरवायझरला वाटते, गडी धडधाकट आहे, सकाळी कामचुकारपणा करतो. ना प्लास्टर, ना ताप, ना रक्त. आता त्याच्या जागी सोलापुरात घरी बसून विड्या वळणाऱ्या एखाद्या माउलीची कल्पना करा. आमवात पुरुषांपेक्षा स्त्रियांना दुपटी-तिपटीने अधिक होतो आणि तो आधी बोटांचेच सांधे धरतो. हजार विड्यांचा हिशेब बोटांवर चालतो, आणि बोटेच रुसली तर चूल रुसते.

अशा वेळी घरात, शेजारात, कामावर एकच शोध सुरू होतो: दोष कोणाचा? मुलाला टाइप १ मधुमेह झाला की आईला ऐकवले जाते, तू गोडधोड फार खाऊ घातलेस. वास्तविक गोड खाण्याने हा रोग होत नाही. कोड उठले की सांगतात, मासळीवर दूध प्यायली असेल. याही समजुतीला आधार नाही. कोणी घराण्याचे रक्त काढतो, कोणी मागच्या पिढीचे पाप. अनुवंशाचा वाटा खरोखर आहे. पण एकसारख्या जुळ्या भावंडांपैकी एकाला आमवात झाला, तरी दुसऱ्याला बहुतेक वेळा तो होत नाही. तेव्हा रक्ताकडे बोट दाखवून सारे उत्तर मिळत नाही. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनाही असाच दोषी हवा होता: तो स्वतः की त्याचे आईबाप? प्रभू येशूने दोन्ही पर्याय नाकारले आणि तो त्या माणसाकडे वळला. ही गोष्ट आपण दरवर्षी ऐकतो, आणि तरीही शिष्यांचाच प्रश्न विचारीत राहतो.

कोडाच्या बाबतीत तर हा शोध क्रूर होतो. कोड संसर्गजन्य नाही. ते कुष्ठरोग नव्हे. त्याने कोणाचे आयुष्य उणे होत नाही, हाताचे बळ जात नाही. तरी ठरलेले लग्न मोडते, आणि धाकट्या बहिणीचेही अडते. पुण्याच्या डॉ. माया तुळपुळे यांना स्वतःला कोड आहे. त्यांच्या ‘श्वेता असोसिएशन’ने अशा व्यक्तींना एकत्र आणले, त्यांच्यासाठी वधूवर मेळावे भरवले. याच विषयावर सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांचा ‘नितळ’ हा चित्रपट २००६ मध्ये आला. हे सारे करावे लागले, याचा अर्थ काय? त्वचेने आपल्याच रंगपेशींना परके मानले, हा रोग झाला. कुटुंबाने आपल्याच लेकीला परके मानले, ही मात्र निवड झाली. पहिल्याला कोणी अपराधी नाही. दुसऱ्याला आहे.

येथे एक सावधगिरी हवी. ‘दोष कोणाचाच नाही’ या वाक्याच्या आडोशाला बेपर्वाईने लपू नये. देह उलटण्याचे पूर्ण कारण ठाऊक नसले, तरी त्याला चिथावणी देणाऱ्या काही गोष्टी पक्क्या माहीत आहेत. धूम्रपानाने आमवाताचा धोका वाढतो. दगड फोडताना, वाळूच्या माऱ्याने धातू घासताना उडणारी सिलिकाची बारीक धूळ श्वासात जात राहिली, तर आमवात, ल्यूपस आणि त्वचा ताठरणारा स्क्लेरोडर्मा यांचा धोका वाढतो, हे अनेक देशांतील कामगारांत दिसून आले आहे. म्हणून जो मालक धूळ आवरण्याची सोय करीत नाही, त्याला नशिबाचा हवाला देता येणार नाही. तसेच प्रत्येक कामगाराच्या प्रत्येक दुखण्याचे खापर पुराव्यावाचून कारखान्यावर फोडणेही न्यायाचे नव्हे. अपराध आणि जबाबदारी या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. अपराध मागे वळून माणूस शोधतो. जबाबदारी पुढे पाहून काम शोधते. अपराधी एकही नसला, तरी जबाबदार अनेक असू शकतात.

ती कामे कोणती? पहिले, वेळेवर ओळखणे. सकाळी अर्ध्या-पाऊण तासाहून अधिक काळ सांधे आखडत असतील, दोन्ही हातांची बोटे सुजत असतील आणि हे काही आठवडे चालले असेल, तर तेल चोळीत बसू नये, डॉक्टरांकडे जावे. पहिल्या काही महिन्यांत उपचार सुरू झाले, तर सांधे वाकडे होण्यापासून बहुधा वाचवता येतात. दुसरे, औषध सोडू न देणे. हे रोग बहुतेक आयुष्यभर सोबत करतात. बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्या की पुन्हा उसळतात. टाइप १ मधुमेहात तर इन्सुलिन थांबवणे म्हणजे मरण. १९२२ मध्ये ते माणसाला प्रथम दिले गेले, त्यापूर्वी या रोगाची मुले फार काळ जगत नसत. कोणी बाबा-वैदू ‘इंजेक्शन बंद करा’ म्हणाला, तर त्याचे ऐकू नये. प्रार्थना अवश्य करावी. पण ती इन्सुलिनच्या जागी नव्हे. तिसरे काम कारखान्याचे आणि कायद्याचे. कामगार विमा योजनेत पात्र कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के भत्ता मिळतो. आमवात ९१ दिवसांत संपत नाही. तेव्हा त्याला सकाळऐवजी दुपारची पाळी देणे, झडप फिरवण्याऐवजी नोंदी ठेवण्याचे काम देणे, एवढे तर सुपरवायझरच्या हाती असतेच. त्याला पैसा फारसा लागत नाही. समोरच्याच्या शब्दावर विश्वास लागतो.

या रोगावरून समाजाला उपदेश करण्याचा मोह धर्मपीठावरून बोलणाऱ्यांना होतो. माणूस स्वतःचा द्वेष करतो म्हणून देह त्याच्यावर उलटतो, असेही कोणी म्हणतात. हे ऐकायला गोड आहे, पण खरे नाही. आणि दुखणाऱ्या माणसावर आणखी एक आरोप लादणारे आहे. रुग्णाचा देह आपल्या प्रवचनाचा दृष्टांत होण्यासाठी नसतो. निरोगी देहापासून मात्र एक गोष्ट शिकता येईल. त्यात शांती आपोआप नांदत नाही. चढाईला सज्ज पेशी तेथे असतात, आणि त्यांना आवरणाऱ्या पेशींचे काम क्षणभरही थांबत नाही. रक्षण म्हणजे केवळ शत्रूवर तुटून पडणे नव्हे. हात आवरणे हेही रक्षणच.

तेव्हा आमच्या धर्मग्रामातील कुटुंबांनी एवढे करावे. ज्या घरी असे दुखणे आले असेल, तेथे ‘हे कशामुळे झाले’ असे विचारीत जाऊ नये. ‘सकाळी मदतीला कोण येते?’ असे विचारावे. आणि कोणी येत नसेल, तर आपण जावे.