रहिवासी आणि नागरिक

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यांत चारठाणा हें गांव आहे. जुन्या दगडी देवळांमुळें पुराणवस्तूंच्या अभ्यासकांस तें परिचित आहे. परंतु आज आम्हांला त्याची आठवण होते ती निराळ्या कारणानें. इ. स. १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हा सारा मुलूख निजामाच्या हैदराबाद संस्थानांत मोडत असे, आणि ब्रिटिश अमलाखालील वऱ्हाडची हद्द येथून फार दूर नव्हती. पलीकडचा मनुष्य अलीकडे आला म्हणून त्याची भाषा बदलत नसे, देव बदलत नसत, सोयरीकहि अडत नसे; पण संस्थानची नोकरी मागूं लागतांच तो ‘गैरमुलकी’ ठरे. १९१९ च्या मुलकी नियमांप्रमाणें वास्तव्याच्या जोरावर मुलकी व्हावयाचें, तर संस्थानांत निदान पंधरा वर्षें कायमची वस्ती झालेली असावी लागे. एवढ्यानेंहि भागत नसे. पूर्वीच्या ठिकाणीं परत जाण्याचा विचार आपण सोडून दिला आहे, अशा अर्थाचें, मॅजिस्ट्रेटनें साक्षांकित केलेलें प्रतिज्ञापत्रहि लागे.

पंधरा वर्षांची मोजदाद कोणीहि कारकून करूं शकेल. परंतु परत जाण्याचा विचार मनांतून गेला कीं नाहीं, हें कोणीं पाहावें? देहानें एका गांवीं जन्म काढूनहि मनानें दुसऱ्याच गांवच्या ओट्यावर बसलेलीं माणसें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. अशा मनाची शपथ घेववणें हास्यास्पद आहे, असें प्रथमदर्शनीं वाटतें. तरीहि त्या नियमांत एक सत्य दडलेलें होतें. एखाद्या ठिकाणीं राहणें आणि तेथील होणें या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली काळानें आपोआप घडते, दुसरीसाठीं निश्चय करावा लागतो.

पुढें संस्थान गेलें. १९५६ मध्यें परभणी जिल्हा मुंबई राज्यांत व १९६० मध्यें महाराष्ट्रांत आला. तेलंगणांत मागें उरलेले मुलकी नियमहि १९७३ च्या अखेरीस रद्द झाले. प्रश्न मात्र संपला नाहीं. तो समुद्र ओलांडून पलीकडे गेला. आज मराठवाड्यांतील एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा शिकून अमेरिकेंत स्थिरावतो. त्याच्या हातीं प्रथम कायम वास्तव्याचा परवाना, म्हणजे ज्याला ‘ग्रीन कार्ड’ म्हणतात तो येतो. त्यावर तो नोकरी करतो, घर घेतो, कर भरतो. सामान्यतः पांच वर्षांनीं नागरिकत्वासाठीं अर्ज करण्याची मुभा मिळते. आणि तें घेतांना परकीय सत्तेवरील निष्ठा सोडल्याची शपथ घ्यावी लागते. इकडे १९५५ चा आपला नागरिकत्वाचा कायदा सांगतो कीं, स्वेच्छेनें दुसऱ्या देशाचें नागरिकत्व घेणाऱ्याचें भारतीय नागरिकत्व संपतें. दोन्ही डगरींवर पाय ठेवण्याची सोय नाहीं. २००५ नंतर अशांस ‘ओव्हरसीज सिटिझन’ म्हणून नोंद करून घेतां येते खरी. पण नांवांत नागरिक असला तरी त्याला येथें मत नाहीं, घटनात्मक अधिकारपद नाहीं. वडिलार्जित शेत वारसानें मिळेल, परंतु नवें विकत घेतां येणार नाहीं.

भावनेच्या भरांत बहुतेक लोक या प्रश्नाचा निकाल चटकन लावतात. आईला सोडूं नये, तसेंच मातृभूमीचें नागरिकत्व सोडूं नये, असें म्हटलें कीं त्यांच्या मतें वाद मिटला. पण कायद्याची गति पाहा. परवानाधारक मुलगा आजारी आईच्या उशाशीं, आगाऊ परवानगी न घेतां, वर्षाहून अधिक काळ राहिला, तर त्याचा परवानाच धोक्यांत येतो. उलट ज्यानें तेथील नागरिकत्व पत्करून येथें अशी नोंद केली आहे, तो हवा तितका काळ तिची शुश्रूषा करूं शकतो. कागदावर भारतीय राहिलेल्याला परतीची घाई, आणि कागदावर परका झालेला निवांत! तेव्हां मातृभक्ति व नागरिकत्व हीं एकाच मापानें मोजतां येत नाहींत, हें उघड आहे.

मग नागरिकत्वाचें माप कोणतें? याचें उत्तर ॲरिस्टॉटलनें देऊन ठेवलें आहे. केवळ वस्तीनें कोणी नागरिक होत नाहीं. न्यायदानांत आणि राज्याधिकारांत ज्याला वांटा आहे तो नागरिक, असें त्यानें आपल्या राजनीतिविषयक ग्रंथांत म्हटलें. नवलाची गोष्ट अशी कीं हें लिहिणारा स्वतः अथेन्सचा नागरिक नव्हता. स्टॅगिरा गांवाहून आलेला तो परका रहिवासी होता. आयुष्याचीं कितीतरी वर्षें त्यानें तेथें अध्ययन-अध्यापनांत घालविलीं, परंतु ख्रि. पू. ३२३ मध्यें अलेक्झांडर वारल्यावर वातावरण फिरलें, आणि त्याला तें शहर सोडावें लागलें.

कायमच्या रहिवाशाची ही असुरक्षितता सर्वांना दिसते; त्याची सुखद बाजू मात्र कोणी बोलून दाखवीत नाहीं. पाहुण्याला यजमानाच्या घरांतील भांडणें ऐकूं येतात. पण त्यांचा निवाडा त्याच्याकडे नसतो, आणि याचें त्याला मनांतून समाधानहि वाटत असतें. तेथें अन्याय झाला तर तो म्हणतो, “हा कांहीं माझा देश नव्हे.” येथें झाला तर म्हणतो, “मी आतां तेथें राहत नाहीं.” दोन्ही घरीं जेवावें आणि दोन्ही घरच्या दोषांतून मोकळें राहावें, अशी ही स्थिति आहे. परदेशीं राहूनहि भारताचें नागरिकत्व राखणाऱ्यास २०१० च्या दुरुस्तीनें मताचा हक्क दिला आहे. मात्र मतदानासाठीं स्वतः यावें लागतें. तेव्हां नागरिकत्व सोडणार नाहीं म्हणणाऱ्यानें एवढेंच स्वतःस विचारावें, कीं तें आपण कधीं वापरलें काय?

यावर कोणी म्हणेल कीं नव्या देशाचा तरी काय भरंवसा? ही शंका निराधार नाहीं. हिंदुस्थानांतून गेलेले वकील सखाराम गणेश पंडित यांस १९१४ मध्यें अमेरिकेचें नागरिकत्व मिळालें. पुढें १९२३ मध्यें भगतसिंग थिंड यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें ‘गोरा’ नव्हे असें ठरविलें, आणि सरकार पंडितांचेंहि नागरिकत्व काढून घेऊं लागलें. या नागरिकत्वावर विसंबून आपण पूर्वीचे हक्क सोडले, धंदा उभारला, संसार थाटला, असें म्हणून ते झगडले. १९२६ मध्यें अपील न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. सर्वांनाच असा न्याय मिळाला नाहीं. परंतु पंडितांची ही बाजू मोठी अर्थपूर्ण आहे. ज्यानें कांहीं सोडलें त्यालाच कांहीं मागण्याचा अधिकार येतो. त्याग हाच त्यांच्या हक्काचा पाया झाला.

आमचें म्हणणें नागरिकत्व घ्यावेंच किंवा घेऊं नयेच असें नाहीं. ज्याचा परतण्याचा हेतु खरा आहे, त्यानें भारतीयच राहावें, आणि त्या हेतूला शोभेल असें वागावें. ज्याच्या बाबतींत परतणें ही केवळ दर दिवाळीला सांगावयाची गोष्ट झाली आहे, त्यानें मुलें जेथें वाढत आहेत तेथील बऱ्यावाइटाची जबाबदारी उघडपणें पत्करावी. त्यांत गमावावयाचें असतें तें थोडें नव्हे: ज्या रांगेंत बाप मत देण्यास उभा राहिला, त्या रांगेंत आपल्याला पुन्हां उभें राहतां येणार नाहीं. ही हानि मान्य करून जो निर्णय घेतो तो कृतघ्न नव्हे. जुन्या मुलकी नियमांतील तें प्रतिज्ञापत्र आतां कोणी मागत नाहीं. म्हणूनच तें एकदां तरी स्वतःशीं लिहून पाहावें, आणि सही करतांना हात अडखळतो कीं नाहीं तें प्रामाणिकपणें पाहावें.